गोड्या पाण्याला किनारा असतो का?

अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी किती राज्यांना किनारा लाभला आहे, या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती दोन्ही बरोबर आहेत. अटलांटिक, पॅसिफिक, आर्क्टिक किंवा मेक्सिकोचे आखात यांपैकी एखाद्या खाऱ्या पाण्याला भिडणारी राज्ये मोजली, तर ती २३ भरतात. तिथल्या केंद्र सरकारचा किनारा व्यवस्थापनाचा कायदा समोर ठेवून मोजले, तर ती ३० होतात. वाढलेली सात राज्ये म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, इंडियाना, मिशिगन, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया. यांतल्या बहुतेकांच्या सीमेपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, तरीही कायद्याच्या दृष्टीने ती किनाऱ्यावरची राज्ये आहेत, कारण ती ग्रेट लेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच महासरोवरांच्या कडेला वसली आहेत. न्यूयॉर्क हे आठवे राज्यही या सरोवरांवर आहे, पण त्याला समुद्र असल्यामुळे ते पहिल्या मोजणीतच येऊन गेलेले असते.

शिकागो, डेट्रॉइट, टोरंटो या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न नवा नसावा. पलीकडचा तीर दिसत नाही, वाळूची पुळण आहे, लाटा फुटत आहेत, क्षितिजावर मालवाहू जहाज आहे आणि पाणी मात्र गोडे, असे दृश्य पाहिल्यावर त्याला तळे म्हणायला जीभ वळत नाही.

आपल्या भाषेने हा भेद बराचसा शब्दांतच करून ठेवला आहे. नदीला काठ असतो, तळ्याला काठ असतो, विहिरीलाही काठ असतो. रंकाळ्याचा काठ म्हणतात, रंकाळ्याची किनारपट्टी असे कोणी म्हणणार नाही. किनारा हा शब्द नदीलाही लावता येतो, पण किनारपट्टी म्हटले की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा आणि पुढे गोव्याचा समुद्रच डोळ्यांपुढे येतो. या शब्दातला ‘पट्टी’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. काठ ही पाण्याची कड आहे, ती एक रेघ आहे. किनारपट्टी हा जमिनीचा पट्टा आहे, आणि असा पट्टा, की जिथली घरे, झाडे, शेती, वारा आणि माणसांचे उद्योग पलीकडच्या पाण्याच्या हुकमतीत असतात. गोड्या पाण्याच्या सरोवराला किनारपट्टी आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर पाणी खारट आहे का हे चाखण्याआधी ते आपल्या बाजूच्या जमिनीवर अशी हुकमत गाजवते का, हे पाहिले पाहिजे.

आकारमान आधी लक्षात घेऊ. सुपीरियर सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. ह्युरॉन आणि मिशिगन ही प्रत्येकी साठ हजारांच्या आतबाहेर, ईरी साधारण २५,७००, तर सर्वांत लहान ऑन्टारियो सुमारे १९,००० चौरस किलोमीटरचे आहे. जगाच्या पृष्ठभागावरच्या द्रवरूप गोड्या पाण्यापैकी सुमारे एकपंचमांश पाणी या पाच सरोवरांत साठलेले आहे, आणि बेटे व जोडप्रवाह धरून त्यांच्या कडेची लांबी सुमारे १७,००० किलोमीटर भरते. या पाण्याला समुद्र म्हणण्याचा मोह आजचा नाही. या भागातले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक सुपीरियरला ‘गिचिगामी’, म्हणजे महाजल, म्हणत आले. फ्रेंच प्रवासी शांप्लँ १६१५ मध्ये ह्युरॉनपाशी पोहोचला, तेव्हा त्याने त्याला ‘मेर दूस’, म्हणजे गोडा समुद्र, असे नाव दिले. गोडे पाणी हा शब्दप्रयोग फ्रेंचांनाही आपल्यासारखाच सुचला, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

समुद्राच्या दोन खुणा शाळेपासून आपल्या मनात ठसलेल्या आहेत. एक मीठ आणि दुसरी भरती-ओहोटी. मीठ इथे नाही. भरती-ओहोटी आहे, पण ती जवळजवळ नसल्यासारखी. चंद्र आणि सूर्य या सरोवरांनाही ओढतातच, परंतु भरती उठण्यासाठी जलाशयाच्या एका टोकावरची ओढ आणि दुसऱ्या टोकावरची ओढ यांत पुरेसा फरक पडावा लागतो, आणि तो हजारो किलोमीटर पसरलेल्या महासागरात पडतो तितका काहीशे किलोमीटरच्या सरोवरात पडत नाही. त्यामुळे उधाणाच्या दिवशीदेखील इथले पाणी पाच सेंटीमीटरसुद्धा चढत नाही, आणि वारा व हवेचा दाब यांच्या खेळात तेवढा चढउतार दिसेनासा होतो. केवळ या दोन खुणांवर निकाल द्यायचा, तर सरोवराला किनारपट्टी नाही आणि विषय इथेच संपला.

तो संपत नाही, कारण जमिनीशी झुंजण्याची ताकद पाण्याला मिठातून मिळत नाही. ती वाऱ्यातून मिळते. वारा मोकळ्या पाण्यावरून जितके लांब अंतर अडथळ्याशिवाय वाहतो, तितकी लाट मोठी होत जाते. सुपीरियरची पूर्व-पश्चिम लांबी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याच्यावर तरंगणाऱ्या एका मोजणीयंत्राने ८.८ मीटर उंचीच्या लाटांची नोंद केली. महासागरातल्या लाटा दूरदूर पसरलेल्या असतात, त्यामुळे जहाज एका लाटेवरून उतरून सावरते आणि मगच दुसरीवर चढते. सरोवरातल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात, एकामागोमाग एक येतात, आणि जहाजाला सावरायला तितका अवधी देत नाहीत.

नोव्हेंबर हा या सरोवरांवरचा सर्वांत धोक्याचा महिना मानला जातो, कारण उन्हाळाभर तापलेले पाणी अजून उबदार असताना उत्तरेकडून गार हवा त्याच्यावर उतरते आणि दोहोंतल्या फरकावर वादळे पोसली जातात. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ या चार दिवसांच्या वादळात डझनभर जहाजे बुडाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री लोहखनिज घेऊन निघालेले ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे २२२ मीटर लांबीचे जहाज सुपीरियरमध्ये बुडाले. त्यावरच्या २९ जणांपैकी एकही वाचला नाही, आणि मदतीची हाकसुद्धा त्यांना देता आली नाही. मिशिगन राज्यात सव्वाशेच्या आसपास दीपगृहे आहेत, ती देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त आहेत. समुद्राचा एक थेंबही वाट्याला न आलेल्या राज्याने इतके दिवे उभारले, ते पाण्याशी असलेल्या त्याच्या व्यवहाराचे स्वरूपच तसे आहे म्हणून.

भरती नसली तरी पाणी चढण्याची या सरोवरांची स्वतःची एक रीत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. परातीत पाणी भरून ती उचलून चालू लागलो, की पाणी एका कडेला चढते, मग दुसऱ्या कडेला, आणि आपण थांबलो तरी काही वेळ हेलकावत राहते. जोराचा वारा तासन् तास एकाच दिशेने वाहत राहिला, की तो सरोवराचे पाणी एका टोकाला लोटून धरतो, आणि वारा पडला की ते पाणी परातीतल्या पाण्यासारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावे घेऊ लागते. या हेलकाव्याला ‘सेश’ म्हणतात. ईरी सरोवर उथळ आहे, त्याची सरासरी खोली १९ मीटरच्या आसपास भरते, आणि ते नेमके नैर्ऋत्य-ईशान्य असे, म्हणजे जोरदार वाऱ्यांच्या दिशेने, पसरलेले आहे. त्यामुळे पश्चिमेच्या टोलीडो शहरापाशी तळ उघडा पडतो, त्याच वेळी पूर्वेच्या बफेलोपाशी पाणी रस्त्यावर येते, आणि दोन टोकांच्या पातळ्यांतला फरक दोन मीटरहून अधिक होतो. १८४४ च्या ऑक्टोबरमध्ये असेच पाणी चार मीटरांहून उंच संरक्षक भिंत ओलांडून बफेलोत शिरले आणि ७८ माणसांचा बळी गेला.

याहून विलक्षण घटना २६ जून १९५४ ची आहे. त्या सकाळी वादळी वाऱ्यांची एक रांग मिशिगन सरोवर ओलांडून गेली. तिने पुढे ढकललेली लाट पलीकडच्या तीरावर आपटली, परतली आणि शिकागोच्या धक्क्यावर मासे पकडत बसलेल्या लोकांवर येऊन आदळली. तोवर शिकागोतले वादळ ओसरलेले होते, त्यामुळे कोणी सावध राहण्याचे कारणच उरले नव्हते. सुमारे तीन मीटर उंचीच्या त्या लाटेने आठ जणांना ओढून नेले. हवेच्या दाबातल्या उसळीने उठणाऱ्या अशा लाटांना आज हवामानजन्य त्सुनामी म्हणतात, आणि त्यांचा अभ्यास महासागरांच्या किनाऱ्यांप्रमाणेच इथेही होतो.

किनारपट्टीची खरी परीक्षा जमिनीत दिसते. मिशिगन सरोवराच्या पूर्वेला स्लीपिंग बेअर नावाच्या ठिकाणी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि त्यांचे कडे पाण्यापासून सुमारे १३७ मीटर उंच उठतात. लाटा तिरप्या येतात, वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने वाहून नेतात, एखाद्या बंदराने आत धक्का काढला की त्याच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूला जमीन खचू लागते. कोकणातल्या ज्या गावाने धूपप्रतिबंधक बंधारा बांधला गेल्यावर शेजारच्या वाडीची पुळण खंगताना पाहिली असेल, त्याला मिशिगनच्या तीरावरचा माणूस काय बोलतो आहे, हे भाषांतराशिवाय कळेल.

मात्र एक फरक मोठा आहे. समुद्राची पातळी रोज दोनदा वरखाली होते आणि तिच्या खुणा सगळ्यांना पाठ असतात. सरोवराची पातळी ऋतूंप्रमाणे तीस-चाळीस सेंटीमीटर बदलते, आणि त्याहून मोठा बदल वर्षांच्या हिशेबाने होतो. मिशिगन आणि ह्युरॉन ही सरोवरे एकाच पातळीवर जोडलेली आहेत. त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये नोंदलेला नीचांक गाठला, आणि पुढच्या सातच वर्षांत, २०२० मध्ये, महिन्यामागून महिना उच्चांक मोडले. दोहोंतला फरक पावणेदोन मीटरहून अधिक होता. पाणी खाली गेलेल्या वर्षांत लोकांनी रुंद पुळण पाहून घरे घेतली, आणि पाणी चढल्यावर त्यांच्या पायाखालचे मातीचे कडे कोसळू लागले. ही एका अर्थाने भरतीच आहे, फक्त ती यायला आणि जायला वर्षे लागतात, त्यामुळे माणसाची स्मृती तिला पुरत नाही. घर पाण्यापासून किती मागे बांधायचे हे ठरवणारे किनाऱ्याचे नियम इथे हवेतच, आणि समुद्राच्या तुलनेत त्यांचे पालन करून घेणे इथे अधिक कठीण आहे, असे माझे मत आहे.

निसर्गाच्या बाजूने पाहता उत्तर होय असेच येते. कायद्याची वाट मात्र वळणावळणाची आहे आणि तिची सुरुवात इंग्लंडमध्ये होते. जहाजांचे अपघात, मालाचे नुकसान, खलाशांचे पगार अशा तंट्यांचा निवाडा करणारा सागरी न्यायाधिकार इंग्रजी कायद्यात जिथपर्यंत भरतीचे पाणी चढते तिथपर्यंतच चालत असे. त्या लहान बेटावर ही व्याख्या सोयीची होती, कारण तिथल्या नद्यांत जहाजे साधारण भरतीचे पाणी जाते तिथवरच जात. अमेरिकेने हा नियम उसना घेतला आणि १८२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायमही केला. पण अमेरिकेत महाकाय नद्या होत्या, ही सरोवरे होती, वाफेची जहाजे आली होती, आणि भरतीचा पत्ता नसलेल्या पाण्यावर मोठा व्यापार चालू होता.

१८४७ मध्ये ऑन्टारियो सरोवरात ‘जेनेसी चीफ’ हे वाफेचे जहाज ‘क्यूबा’ या शिडाच्या जहाजावर आदळले आणि ‘क्यूबा’ मालासकट बुडाले. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८५१ च्या सत्रातल्या निकालात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ही सरोवरे वास्तविक भूमीने वेढलेले समुद्रच आहेत, असे म्हटले आणि भरतीची कसोटी टाकून जहाज चालू शकते का ही कसोटी आणली. भरती-ओहोटीच्या अस्तित्वाने न्यायालयाच्या अधिकारात काय फरक पडावा, हा त्यांचा प्रश्न इतका साधा होता की तो विचारायला इतकी वर्षे का लागली, याचे आश्चर्य वाटते. पुढे १८९२ मध्ये, शिकागोपुढचा सरोवराचा हजारावर एकर तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकण्याचा इलिनॉयच्या विधिमंडळाचा जुना निर्णय पुसला गेला तो योग्यच झाला, असे याच न्यायालयाने ठरवले. समुद्राचा तळ जसा राज्याने जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळायचा असतो, तसाच सरोवराचा तळही सांभाळायचा असतो, हे त्यामागचे तत्त्व होते. २००५ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच तत्त्वावर, खाजगी मालमत्तेपुढच्या पुळणीवरून पाण्याच्या नेहमीच्या उच्च खुणेच्या खालून चालत जाण्याचा हक्क सर्वांना आहे, असा निर्वाळा दिला. भरतीची रेषा नसताना ही खूण कशी ओळखायची? पाण्याच्या सततच्या वावराने जमिनीची झीज झाल्याने किंवा वनस्पती नाहीशा झाल्याने जी स्पष्ट रेघ उमटते, ती खूण.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने किनारा व्यवस्थापनाचा कायदा केला, तेव्हा किनारी जलाच्या व्याख्येत ही सरोवरे, त्यांना जोडणारे प्रवाह, बंदरे आणि पाणथळ जागा सरळ नावानिशी घातल्या गेल्या. कायद्यात सामील होणाऱ्या राज्याला केंद्राकडून निधी मिळतो, आणि केंद्राने त्या राज्याच्या किनाऱ्यावर काही करायचे ठरवले तर ते राज्याच्या मंजूर आराखड्याशी सुसंगत असावे लागते. योजनेत भाग घेणे राज्याच्या मर्जीवर आहे, आणि त्यातून एक लक्षणीय स्थिती निर्माण झाली आहे. देशातला सर्वांत लांब समुद्रकिनारा असलेले अलास्का २०११ मध्ये या योजनेतून बाहेर पडले, आणि सरोवराची जेमतेम शंभर किलोमीटर कड असलेले इलिनॉय २०१२ मध्ये आत आले. ओहायोमध्ये ईरी सरोवराला मिळणाऱ्या ओल्ड वुमन क्रीक या ओढ्याचे मुख राष्ट्रीय खाडी-संशोधन क्षेत्र म्हणून जपले जाते. आपल्याला खाडी म्हणजे खारे पाणी आणि खारफुटी, पण सेशच्या हेलकाव्याने सरोवराचे पाणी ओढ्यात शिरते, मिसळते आणि परत जाते, तेव्हा तिथे घडते ते खाडीचेच काम, फक्त मिठाशिवाय.

मग ही सवलत कोणत्या सरोवरापर्यंत द्यायची? हा प्रश्न १९९८ च्या मार्चमध्ये अगदी उघडपणे पुढे आला. समुद्र-संशोधनाच्या ‘सी ग्रँट’ योजनेच्या नूतनीकरणाच्या विधेयकात व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी एक ओळ घातली होती, आणि ६ मार्चला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही होताच लेक शांप्लेन हे कायद्याने सहावे महासरोवर झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१३० चौरस किलोमीटर, म्हणजे सर्वांत लहान महासरोवराच्या पंधराव्या हिश्श्याइतकेही भरत नाही. मिशिगन आणि आजूबाजूच्या राज्यांत संताप उसळला आणि १८ दिवसांत ही पदवी काढून घेण्यात आली. मात्र व्हरमाँटला संशोधनाच्या निधीसाठी अर्ज करण्याचा हक्क राहिला. माझ्या मते हा तोडगा योग्य होता. व्हरमाँटला अभ्यासासाठी पैसे हवे होते, ते मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि शब्दाचा अर्थ ताणावा लागला नाही.

देशाच्या आतल्या कायद्यात इतके उदार असलेले उत्तर देशांच्या सीमेवर पोहोचताच उलटते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात किनाऱ्याला फार मोठे हक्क जोडलेले आहेत. ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २०० सागरी मैल अनन्य आर्थिक क्षेत्र आणि त्यापलीकडे सर्वांचा खुला समुद्र. ग्रेट लेक्सवर यांतले काहीच लागू होत नाही. मिशिगन सरोवर संपूर्णपणे अमेरिकेत आहे आणि उरलेल्या चारांच्या मधून अमेरिका-कॅनडाची सीमा जाते, म्हणजे कोणाचेच नसलेले पाणी इथे शिल्लकच नाही. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कायद्यासाठी या सरोवरांना ‘खुला समुद्र’ म्हटले होते, पण तो देशाच्या आतला अर्थ होता. दोन देशांमधले पाण्याचे व्यवहार १९०९ च्या सीमाजल कराराने आणि त्यातून जन्मलेल्या संयुक्त आयोगाने चालतात.

सागरी कायदा करारात भूवेष्टित देशाची व्याख्या समुद्रकिनारा नसलेला देश अशी आहे, आणि अशा देशाला शेजाऱ्यांच्या भूमीतून समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क दिलेला आहे. युगांडा घ्या. व्हिक्टोरिया सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे, त्याचा मोठा हिस्सा युगांडाचा, तरीही युगांडा भूवेष्टित आहे. इथे उदारपणे सरोवराला समुद्रकिनारा मानले, तर ते युगांडावर उपकार ठरणार नाही, त्याचा तोटाच होईल, कारण केनियातल्या मोंबासाच्या बंदरापर्यंत माल नेण्यासाठी तो ज्या हक्काचा आधार घेऊ शकतो, तो हक्कच डळमळीत होईल. जो पाण्यातून जगाच्या बाजारापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याला किनारा आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. ग्रेट लेक्सची गोष्ट वेगळी, कारण १९५९ मध्ये खुल्या झालेल्या सेंट लॉरेन्स जलमार्गाने महासागरातली जहाजे कालवे आणि जलपाशांच्या, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या कप्प्यांच्या, पायऱ्या चढत थेट मिनेसोटाच्या डुलुथ बंदरापर्यंत, साधारण ३,७०० किलोमीटर आत, येऊ शकतात.

सरोवरावर कोणाचा किती हक्क, याला समुद्रासारखा तयार नियम नाही, आणि त्यातून भांडणेही होतात. मलावी सरोवराच्या, ज्याला टांझानियात न्यासा म्हणतात, ईशान्य भागात मलावीचे म्हणणे असे, की १८९० च्या ब्रिटिश-जर्मन करारानुसार सीमा पलीकडच्या तीरावर आहे, म्हणजे पाणी सगळे आमचे. टांझानियाचे म्हणणे असे, की सीमा मध्यरेषेवर हवी. टांझानियाच्या बाजूला राहणारा कोळी दारातून पाय बाहेर टाकताच परदेशात जातो की नाही, हे या दोन वाक्यांपैकी कोणते खरे मानायचे यावर ठरते. कॅस्पियन खारट असूनही समुद्र की सरोवर यावर पाच देश दशकानुदशके वाद घालत होते. १२ ऑगस्ट २०१८ रोजी अक्ताऊ इथे त्यांनी करार केला, आणि त्यात दोन्ही व्याख्या बाजूला ठेवून १५ सागरी मैल प्रादेशिक जल आणि त्यापुढे १० मैल मासेमारीचा पट्टा अशी स्वतंत्र व्यवस्था आखली. कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान आणि अझरबैजान मात्र संयुक्त राष्ट्रांच्या भूवेष्टित देशांच्या यादीत आजही आहेत.

भारताने किनाऱ्याची व्याख्या करताना मीठ आणि भरती या जुन्या खुणांवरच भर दिला आहे. १९९१ पासूनच्या आणि २०१९ मध्ये नव्याने काढलेल्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन आणि भरतीचा प्रभाव असलेल्या खाड्या, नद्या, उपसागर यांच्या कडेची जमीन नियमांखाली येते. भरतीचा प्रभाव कुठे संपला हे वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यातले क्षार मोजून ठरवतात, आणि हजार भागांत पाच भाग ही त्याची मर्यादा आहे. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण साधारण ३५ असते. म्हणजे कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या वाडीला किनाऱ्याचे नियम लागतात की नाही, हे भर उन्हाळ्यात तिच्या दारचे पाणी किती मचूळ आहे यावर अवलंबून असते. लोणारचे पाणी खारट आहे, पण त्याला भरती नाही आणि समुद्राशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्याचे रक्षण २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळालेल्या रामसर दर्जाच्या आणि पाणथळ जागांच्या नियमांच्या वाटेने होते. आपल्याकडे सुपीरियरच्या तोडीचे सरोवर नाही, त्यामुळे ही व्याख्या आपल्यापुरती ठीक चालते. उजनी किंवा शिवसागर कितीही विस्तीर्ण दिसले तरी त्यांची पातळी दरवाजांच्या हाती आहे, आणि त्यांच्या काठाला काठ म्हणण्यात काही उणे नाही.

किनाऱ्याचा मान देऊन झाला तरी एका बाबतीत महासरोवरांचा किनारा समुद्रासारखा वागवता येत नाही. त्याचे पाणी लोक पितात. अमेरिका आणि कॅनडा मिळून तीन कोटींहून अधिक माणसांच्या नळाला या सरोवरांचे पाणी येते. शिकागोचे सांडपाणी नदीतून सरोवरात जात असे आणि शहराचे पिण्याचे पाणीही तिथूनच उचलले जात असे, म्हणून १९०० च्या जानेवारीत कालवा खोदून नदीचा प्रवाहच उलटा फिरवण्यात आला आणि ती सरोवराकडून मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वाहू लागली. कोरड्या प्रदेशांकडून या पाण्यावर डोळा असल्याची धास्ती पुढे वाढत गेली, तेव्हा आठ राज्यांनी आपसांत करार केला, त्याला केंद्राची मान्यता मिळाली, आणि २००८ पासून मोजके अपवाद सोडता या खोऱ्याबाहेर पाणी नेण्यास बंदी आहे. १९७२ च्या कायद्याने जमिनीचा पट्टा सांभाळला जातो, २००८ च्या कराराने पाणी. एकाच तीराला हे दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत.